वाळकेश्वरचा चढ आणि बाभळीचा ठोकळा

आमच्या जुन्या पिकअपमध्ये माझी जागा ठरलेली होती. ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर बाभळीच्या लाकडाचा ठोकळा घेऊन. गाडीमागे जनरेटरची ट्रॉली जोडलेली असायची. चढावर गाडी थांबली की मी दार उघडून खाली उतरायची, मागच्या चाकाला ठोकळा लावायची, आणि काकांनी गाडी पुढे काढली की ठोकळा उचलून धावत येऊन पुन्हा जागेवर बसायची. तीस वर्षं विम्याच्या ऑफिसात फायली चाळलेली, पन्नाशी उलटलेली बाई भर रस्त्यात ठोकळा घेऊन पळतेय, हे दृश्य बघणाऱ्यांना गमतीचं वाटत असणार. मला त्याची लाज कधी वाटली नाही. लाज वाटण्यासारखं मी दुसरंच काहीतरी करून बसले. ते पुढे सांगतेच.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. माझे वडील परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते आणि काका तिथेच बॉयलरवर. गिरणी बंद पडल्यावर दोघांनी मिळून एक जुना जनरेटर घेतला आणि लग्नाचे हॉल, नाटकाचे प्रयोग, शूटिंग, जिथे म्हणून वीज जाऊन चालत नाही तिथे तो भाड्याने द्यायला सुरुवात केली. कागद वडिलांकडे, यंत्र आणि गाडी काकांकडे. वडील गेले तेव्हा मी ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांच्या खुर्चीत बसले. माझ्या धाकट्या भावाला वाटलं, ताईला दुःखाने वेड लागलंय, वर्षभरात उतरेल. ते अजून उतरलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात वाळकेश्वरच्या चढावर आमच्या पिकअपचा क्लच जळाला. इतका धूर, की मागच्या टॅक्सीवाल्याने पाण्याची बाटली घेऊन धाव घेतली. गाडी पंचवीस वर्षांची, तिचं आयुष्य संपलंच होतं. पण भावाने गाडीचा विषय सोडून काकांचा काढला. काका सत्तरीला टेकलेले, आदल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि क्लच दाबायचा तो डाव्याच पायाने. भावाचं म्हणणं सरळ होतं. नवी गाडी घ्यायची तर नवा ड्रायव्हरही ठेव, नाहीतर जनरेटर विकून मोकळी हो. काकांना घरी बसू दे, त्यांचं वय झालंय.

माझं डोकं फिरलं. नायगावच्या बीडीडी चाळीतली काकांची खोली पुनर्विकासासाठी रिकामी झाली होती. ते आणि काकू भाड्याच्या घरात राहून नव्या टॉवरची वाट बघत होते. चाळ गेली, गिरणी कधीच गेली होती, जोडीदार गेला. आता उरलेलं स्टिअरिंगही मीच काढून घ्यायचं? मी भावाला सांगितलं की गाडी नवी येईल आणि ती काकाच चालवतील, जोवर ते स्वतःहून नको म्हणत नाहीत तोवर. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता तशी गाडी शोधायला हवी. कामही होतंच. वाळकेश्वरच्या वरच्या अंगाला एक लग्नाचा हॉल आहे, आमचा सबंध सीझन त्याच्यावर निघतो. ट्रॉली तो चढ चढली नाही तर काकाही घरी आणि मीही घरी.

आता आमच्या घराण्याविषयी थोडं. आम्ही तीन पिढ्यांचे कारकून. छापील कागदावर जे आहे ते खरं, हा आमचा कुळधर्म. मी सगळ्या शोरूममधून माहितीपत्रकं आणली, पट्टीने रेघा मारून मोठा तक्ता केला, इंजिन केवढं, ताकद किती, ओढ किती, ॲव्हरेज किती. जनरेटरवरच्या पितळी पाटीवर वजन लिहिलेलं होतं, साडेनऊशे किलो. ते तक्त्याच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलं. मग एकेक गाडी त्याखाली तपासली आणि तीन दिवसांनी निकाल लावला. सीएनजीची पिकअप घ्यायची. कागदावर ती एका किलोला एकवीस किलोमीटर देत होती, डिझेलची मोठी गाडी लिटरला जेमतेम चौदा. साडेनऊशे किलो तर दोन्ही हसत ओढणार होत्या. भाऊ खूश झाला. शिवाजी पार्कला सकाळी फिरायला येणारे माझे जुने साहेब खूश झाले. मुंबईत कोणालाही सांगा की गाडी घेतेय, तो आधी विचारतो, किती देते? माझ्याकडे उत्तर तयार होतं.

काकांना घेऊन मी शोरूममध्ये गेले. विक्रेत्याने गाणी कशी लागतात ते दाखवलं, मागे घेताना दिसणारा कॅमेरा दाखवला, सीटवर थाप मारून दाखवली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"जोर खाली येता काय वर?"

विक्रेत्याला कळलं नाही. मग काकांनी समजावून सांगितलं की इंजिन हळू फिरत असतानाच ओढतं, की जोरात रेस दिल्यावर ओढतं. विक्रेता म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. साहेब जेवायला गेले होते. काका खाली वाकून गाडीच्या पोटात बघत बसले आणि मला त्या दिवशी त्यांचा विलक्षण कंटाळा आला.

परळच्या गोदामात परत आल्यावर आमचं वाजलं. काका म्हणाले, डिझेलच घेऊया. मी तक्ता काढला. ते तक्त्याकडे बघेनात. मी आकडे मोठ्याने वाचून दाखवले, जणू समोर बहिरा माणूस बसलाय. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, बाय, ट्रॉली ओढूक डिझेल बरा. तेव्हा मी ते बोलले.

"तुमच्या एका गुडघ्यासाठी मी जन्मभर डिझेल जाळत बसू का?"

ज्यांच्या गुडघ्यासाठी मी भावाशी भांडले होते, त्यांना मीच हे ऐकवलं. जीभ चावली, पण बोलून झालं होतं. काकांनी हात पुसले, डबा पिशवीत घातला आणि नेहमीच्या वेळेच्या आधी घरी गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माफी मागायची तर कुठल्या तोंडाने, हेही कळेना. आमच्या घराण्यात माफीचा अर्जसुद्धा लेखी करायची पद्धत.

दुसऱ्या दिवशी काका वेळेवर आले. जणू काही झालंच नव्हतं. त्यांनी फक्त म्हटलं की कागद राहू दे, आधी काट्यावर जाऊया.

गणपती नुकतेच झाले होते. त्या दिवसांतली कामं मी भाड्याची गाडी लावून कशीबशी निभावली होती. आता पितृपक्ष लागला होता आणि लालबागचा एक मंडपवाला हात चोळत बसला होता, कारण पितृपक्षात मंडप कोण घालणार? त्याच्याकडे नेमकी मी ठरवलेली सीएनजी पिकअप होती. काकांनी ती दिवसभरासाठी मागून घेतली आणि गॅरेजवाल्याकडून चार बोल्टांवर बसणारा हूक करून घेतला. शोरूमवाले ट्रायलला रिकामी गाडी देतात. रिकामी गाडी म्हणजे मुलगी बघायच्या कार्यक्रमातले पोहे, असं काका म्हणाले. त्यावरून घर कळत नाही. हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, तरी मला जरा हायसं वाटलं.

आधी शिवडीच्या वजनकाट्यावर गेलो. ट्रॉली सोडून एकटीच काट्यावर ठेवली. आतल्या माणसाने चिठ्ठी दिली. पंधराशे चाळीस किलो. मी त्याला म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. मग काकांनी ट्रॉलीभोवती फिरून मला दाखवलं. पाटीवरचं वजन कोरड्या जनरेटरचं. त्यात ही लोखंडी ट्रॉली नाही, चार चाकं नाहीत, टाकीतलं डिझेल नाही, आणि पेटीत गुंडाळून ठेवलेल्या बोटाएवढ्या जाड केबली नाहीत. आम्ही काय पितळी पाटी ओढत होतो? दहा वर्षं मी त्या ट्रॉलीच्या पुढे बसून हिंडत होते आणि तिचं वजन मला माहीत नव्हतं. तक्त्याच्या डोक्यावरचा लाल आकडाच खोटा, म्हणजे खालचा सगळा तक्ता रद्दी.

तिथून वाळकेश्वर. सपाट रस्त्यावर सीएनजी गाडी छान गेली. आवाज नाही, हादरे नाहीत, गिरगाव चौपाटीपर्यंत मी मनात म्हणत होते की बघा, जमतंय. मग चढ लागला आणि अर्ध्यावर पुढची बस थांबली. आम्हीही थांबलो. मी ठोकळा घेऊन खाली उतरले.

बस निघाली. काकांनी क्लच सोडायला घेतला तशी गाडी थरथरली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा त्यांनी रेस वाढवली. इंजिन ओरडायला लागलं, क्लचचा वास आला, गाडी पुढे जाण्याऐवजी वीतभर मागे आली आणि चाक ठोकळ्यावर आदळलं. तिसऱ्या वेळी मी काचेतून आत बघितलं. काकांचा डावा पाय लटपटत होता. त्यांनी डावा हात मांडीखाली घालून तो पाय वर धरला होता, उजव्या हाताने स्टिअरिंग. ओठ घट्ट मिटलेले. आणखी रेस, आणखी वास, आणि गाडी एकदाची सुटली. मी ठोकळा उचलून धावले. आत येऊन ठोकळा मांडीवर घेतला. मला माझं कालचं वाक्य अक्षर न अक्षर ऐकू येत होतं.

मी त्यांना म्हटलं, "काका, काल मी फार वाईट बोलले."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "आता दुसरी गाडी बघू."

दुसरी गाडी मिळाली कफ परेडच्या मच्छीमार नगरात. तिथली एक कोळीण माझ्या ओळखीची, तिच्या मुलीच्या लग्नात आमचा जनरेटर होता. बंदरावरून बर्फ आणि मासळी आणायला तिच्याकडे मोठ्या इंजिनाची डिझेल पिकअप होती आणि तिला ट्रॉलीचा हूकही होता, कारण ती कधीमधी होडी ओढून आणायची. मी लाजत विचारलं. तिने पदराला हात पुसत किल्ली काढून दिली.

"ने गं गाडी. पन बर्फाचा पानी झिरपते, साडी वर धर."

पायांपाशी खरंच पाणी होतं आणि सुरमईचा वास इतका दाट की तो दोन दिवस माझ्या ठोकळ्यालाही येत होता. पण वाळकेश्वरच्या चढावर काकांनी गाडी मुद्दाम थांबवली तेव्हा जे झालं ते मी विसरणार नाही. त्यांनी ॲक्सिलरेटरला पाय लावलाच नाही. नुसता क्लच सावकाश सोडला. इंजिनाचा आवाज जरा जड झाला, आणि सगळी गाडी, मागच्या पंधराशे चाळीस किलोंसकट, म्हैस उठून चालायला लागावी तशी चालायला लागली. मी चाकामागे ठोकळा धरून बसले होते. चाकाने त्याला शिवलंही नाही.

घरी येऊन मी माहितीपत्रकं पुन्हा काढली. खाली बारीक अक्षरात, जे मी कधी वाचलंच नव्हतं, ते लिहिलेलं होतं. इंजिन मिनिटाला किती फेरे घेत असताना त्याची ओढ मिळते. डिझेलला ती खालीच मिळत होती, सीएनजीला बरीच वर. म्हणजे काकांचा प्रश्न छापलेला होता आणि उत्तरही. तीन दिवस पट्टीने रेघा मारणारीला तेवढं दिसलं नव्हतं.

ॲव्हरेजचं भूत तरीही मानगुटीवर होतंच. ते उतरवायला आम्ही दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने फिरवल्या होत्या, परळ ते वाळकेश्वर आणि परत, ट्रॉली जोडून. निघताना काठोकाठ भरायचं, आल्यावर पुन्हा काठोकाठ भरून बघायचं. सीएनजीसाठी पंपावर दोन्ही वेळा रांगेत उभे राहिलो. कागदावर एकवीस देणारी गाडी ट्रॉलीसकट अकरा देत होती. चौदावाली साडेदहा. दमलेलं लहान इंजिन रडत रडत खातं आणि मोठं इंजिन निवांत खातं, पोट दोघांचंही तेवढंच भरतं. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ताई, एका फेरीवरून काय ठरतं? मी म्हटलं, शून्य फेऱ्यांवर तू खूश झाला होतास.

डिझेलची गाडी मी पितृपक्षातच नोंदवली आणि पितृपक्षातच घरी आणली. त्या पंधरवड्यात शोरूममध्ये चिटपाखरू नसतं, गाडी लगेच मिळते. दसऱ्यापर्यंत थांबले असते तर रांग लागली असती आणि काकांचे पाय आणखी महिनाभर घरात अडकले असते. भावजयीने फोन करून म्हटलं की निदान सर्वपित्री तरी होऊ द्यायची. मी म्हटलं, माझे पितर म्हणजे वडील, त्यांनी शेवटपर्यंत जनरेटरच सांभाळला, त्यांना आनंदच होईल. काकूंनी मात्र गुपचूप येऊन चाकांखाली लिंबं ठेवली.

पहिलं काम नवरात्रातलं होतं, त्याच वाळकेश्वरच्या हॉलवर. आदल्या दिवशी सकाळी सहाला काकांनी तालीम घ्यायची ठरवली. रस्ता मोकळा होता, चौपाटीकडून फिरायला आलेली तुरळक माणसं होती. अर्ध्या चढावर काकांनी गाडी कडेला घेऊन थांबवली, हँडब्रेक ओढला. मी सवयीने दार उघडून ठोकळ्यासह उतरले. बघते तर काकाही पलीकडून उतरत होते. उतरताना त्यांनी दाराला धरून आधी उजवा पाय खाली टेकवला, मग डावा, हाताने उचलून. मला वाटलं, टायर बघायचाय.

ते गाडीला वळसा घालून माझ्याकडे आले आणि त्यांनी माझ्या हातातला ठोकळा घेतला.

"आता तू बस."

मी म्हटलं, मी? मला कार चालवता येते, पण मागे ट्रॉली असलेली गाडी मी सपाट मैदानात सोडून कुठे चालवली नव्हती, चढावर तर कधीच नाही. शिवाय गाडी तुमच्यासाठी घेतलीय काका. तुमच्या गुडघ्याला सोपी जावी म्हणून एवढा खटाटोप केला. हे इंजिन...

"माझो पाय कधीच रिटायर झालो, बाय," काका म्हणाले. "डॉक्टरान तेव्हाच सांगितल्यान. मी इंजिन तुझ्या पायासाठी बघत होतंय. नवीन माणसाक चढार गाडी सुटूक व्हयी, इंजिन बंद पडता नये. म्हणान डिझेल."

मी तिथेच उभी राहिले. तुमच्या एका गुडघ्यासाठी, असं मी त्यांना म्हणाले होते, आणि ते गप्प राहिले होते. त्यांना एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. पण ते आधी सांगितलं असतं तर त्यांच्या जागी बसण्यापेक्षा मी हट्टाने जनरेटर विकला असता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. पाच महिने मी ज्यांची खुर्ची वाचवायला जिवाचा आटापिटा करत होते, ते तेवढे पाच महिने माझी खुर्ची तयार करत होते.

रडत उभं राहून उपयोग नव्हता. मी ड्रायव्हरच्या जागेवर चढले. सीट पुढे ओढली. आरशात बघितलं, तर काका मागच्या चाकापाशी ठोकळा दोन्ही हातांत धरून वाकले होते, अगदी मी धरायची तसा. त्यांनी एक हात सोडून तिथूनच हलवला. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच सावकाश, फार सावकाश सोडत गेले. आवाज जड झाला. गाडी थरथरली. मला वाटलं बंद पडणार. ती पडली नाही. ती चालायला लागली.

चढावर सुटलेली गाडी मध्ये थांबवायची नसते, हे त्यांनीच शिकवलेलं. म्हणून मी थांबले नाही. आरशात काका हातात ठोकळा घेऊन मागून येत होते, लंगडत, आणि लहान लहान होत गेले. धावत येऊन जागेवर बसणं त्यांना जमणारं नव्हतं. मी सरळ वर तीनबत्तीच्या नाक्यापर्यंत गेले, सपाटीला गाडी कडेला लावली आणि वाट बघत बसले.

बऱ्याच वेळाने काका आले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी दार उघडलं, आधी उजवा पाय आत ठेवला, मग डावा, हाताने उचलून घेतला, आणि माझ्या जागेवर बसले. ठोकळा मांडीवर ठेवला.

"चल," ते म्हणाले.